चाक जागेवर फिरू लागलं की काय करायचं? ट्रॅक्शन कंट्रोल समजून घेऊन वापरण्याची सविस्तर माहिती, नाशिकच्या रस्त्यांसाठी

जूनमधल्या पहिल्या दोन-तीन सरी नाशिकच्या रस्त्यांवर सगळ्यात फसव्या असतात. उन्हाळाभर साचलेली धूळ, डंपरमधून सांडलेली माती, ऑइलचे थेंब आणि झिजलेल्या टायरची भुकटी, यावर थोडंसं पाणी पडलं की बुळबुळीत लेप तयार होतो. जोराचा पाऊस तो धुऊन नेतो. पण तोवर सिग्नल सुटल्यावर जरा जास्त रेस दिली तरी चाक सर्रकन जागेवर फिरतं आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकतो. पुढे गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेषा, असं त्याचं चित्र असतं. चाकाला असं मोकाट फिरू न देणारी यंत्रणा, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, त्या क्षणी काम करत असल्याची ती खूण.

हा दिवा दिसला की काहींना बिघाड झालाय असं वाटतं. काही जण दचकून ब्रेक मारतात. आणि काही जण 'गाडी पिकअप घेत नाही' म्हणून शेजारचं बटण दाबून यंत्रणाच बंद करतात आणि तशीच गाडी कसारा घाटात घालतात. ही शेवटची सवय जिवावर बेतू शकते. ती लागते, कारण शोरूममधून गाडी घेताना या बटणाबद्दल दोन वाक्यांपलीकडे कुणी काही सांगत नाही. बटण कधी दाबायचं आणि कधी मुळीच दाबायचं नाही, हे कळायला आत काय चालतं ते आधी समजायला हवं.

तुमच्या गाडीत ती आहे का?

भारतात नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. त्यामुळे 'एबीएस आहे म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोलही असणारच' असा समज आहे. तो चुकीचा आहे. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणं हे एबीएसचं काम; रेस दिल्यावर चाक मोकाट फिरू न देणं हे ट्रॅक्शन कंट्रोलचं. दोघांचे सेन्सर एकच असतात. पण तुमचा पाय ब्रेकवर नसतानाही एखाद्या चाकाचा ब्रेक आपणहून दाबता येईल असं युनिट ट्रॅक्शन कंट्रोलला लागतं, आणि साध्या एबीएस युनिटला ते जमत नाही.

आजच्या बहुतेक गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल हे ईएसपीचा एक भाग म्हणून येतं. नाव कंपनीगणिक बदलतं. ह्युंदाई ईएससी म्हणते, टोयोटा व्हीएससी, होंडा व्हीएसए. मारुती, महिंद्रा आणि टाटाच्या गाड्यांत ईएसपी हे नाव दिसतं. रेस देताना चाक फिरू लागलं तर ट्रॅक्शन कंट्रोल मध्ये पडतं. तुम्ही स्टिअरिंग एकीकडे वळवलंय आणि गाडी भलतीकडेच चाललीय, अशा वेळी ईएसपी मध्ये पडतं. सातपूरच्या कारखान्यामुळे नाशिककरांना घरच्यासारख्या वाटणाऱ्या बॉशने १९७८ साली एबीएस, १९८६ साली ट्रॅक्शन कंट्रोल आणि १९९५ साली ईएसपी बाजारात आणलं. तिन्ही एकाच पायावर चढत गेलेले मजले आहेत.

तुमच्या गाडीत आहे का, हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करा. एबीएसच्या दिव्याबरोबर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा काही सेकंद पेटून विझला, तर यंत्रणा आहे आणि तिने स्वतःची तपासणीही केली. दिवा पेटलाच नाही तर बहुधा ती तुमच्या व्हेरियंटमध्ये नाही; गाडीसोबतच्या पुस्तकात खात्री करून घ्या. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला नाही आणि वरच्याला आहे, असं अगदी सर्रास घडतं. नवी गाडी घेणार असाल तर सनरूफच्या आधी हे विचारा. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनसीएपीमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा त्याहून जास्त स्टार मिळवायचे तर गाडीत ईएससी असावंच लागतं, इतकं त्याचं महत्त्व आहे.

आत नेमकं काय घडतं

प्रत्येक चाकाच्या हबजवळ एक सेन्सर असतो. चाकाबरोबर दातेरी रिंग किंवा बेअरिंगमध्येच बसवलेली चुंबकी पट्टी फिरते आणि तिच्या स्पंदनांवरून ते चाक किती वेगाने फिरतंय हे कंट्रोल युनिटला समजतं. चारही चाकांच्या आकड्यांची तुलना अखंड चालू असते. समजा, तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते. मागची चाकं नुसती गडगडत येतात, म्हणजे गाडीचा खरा वेग तीच सांगतात. मागची चाकं ताशी १० किमीचा हिशेब देताहेत आणि पुढचं डावं चाक ३० चा, तर ते डावं चाक घसरतंय हे उघड आहे. वळणावर बाहेरची चाकं आतल्यापेक्षा जास्त फिरतातच, म्हणून स्टिअरिंग किती वळलंय हे सांगणाऱ्या सेन्सरचाही हिशेब धरला जातो.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: टायर थोडा घसरल्याशिवाय गाडीला ढकलूच शकत नाही. डांबरी रस्त्यावर साधारण १० ते २० टक्के घसरणीला, म्हणजे चाक गाडीच्या वेगापेक्षा तेवढं जास्त फिरत असताना, पकड सगळ्यात जास्त असते. त्यापुढे चाक जितकं मोकाट सुटेल तितकी पकड कमी होत जाते, आणि बाजूची पकड, म्हणजे गाडीला वळणावर धरून ठेवणारी ताकद, त्याहून झपाट्याने जाते. ट्रॅक्शन कंट्रोल चाकाला या पट्ट्यात धरून ठेवतं. त्यासाठी त्याच्याकडे दोन हत्यारं असतात.

पहिलं, इंजिनची ताकद कमी करणं. आजच्या गाड्यांत पेडल आणि इंजिन यांच्यात तार नसते. पेडल फक्त मागणी नोंदवतं आणि किती द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल मिटतो, ठिणगी थोडी उशिरा पाडली जाते. डिझेलमध्ये इंजेक्टरमधून जाणारं इंधन घटतं. तुम्ही पाय दाबून ठेवलाय आणि इंजिन मात्र मरगळल्यासारखं वाटतंय, ते यामुळे.

दुसरं हत्यार जास्त हुशार आहे: घसरणाऱ्या एकाच चाकाला ब्रेक लावणं. याचं मर्म डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनचं बळ डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीत आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखंच बळ देतं, आणि सारखं म्हणजे दोघांत जे कमी पेलू शकतं त्याच्याइतकंच. डावं चाक चिखलात आहे आणि ते फक्त १०० न्यूटन-मीटर पेलतं असं धरा. उजवं चाक कोरड्या डांबरावर असलं तरी त्यालाही १००च मिळणार. दोन्ही मिळून २००, आणि गाडी जागची हलत नाही. आता कंट्रोल युनिटने डाव्या चाकाला ४०० चा ब्रेक लावला. त्या बाजूचा विरोध ५०० झाला, म्हणून उजव्या चाकालाही ५०० मिळतात. डाव्याचे जमिनीवर पडणारे १०० आणि उजव्याचे ५००, असे ६०० न्यूटन-मीटर गाडीला ढकलतात. २०० वरून ६००, टायर तोच, इंजिन तेच.

याची किंमत आहे. इंजिनला त्या वेळी १००० पुरवावे लागतात आणि त्यातले ४०० ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातात. म्हणजे दोन गोष्टी आल्या. पाय पूर्ण काढलात तर ब्रेक लावूनही पलीकडच्या चाकाला द्यायला इंजिनकडे काही उरत नाही. आणि हे फार वेळ चाललं तर ब्रेक तापतात, मग यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी ब्रेक लावणं थोडा वेळ थांबवते. चिखलात पाच मिनिटं झटापट केल्यावर 'आता दिवापण बंद पडला' असं वाटतं ते बहुधा हेच असतं. गाडी थोडा वेळ उभी ठेवली की ती पूर्ववत होते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना, म्हणजे बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टा यांसारख्यांना, धोका वेगळा असतो. पुढची चाकं फिरली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते. मागची फिरली तर शेपूट बाहेर येतं, आणि ते सावरणं नवख्याला फार अवघड. अशा गाडीत ही यंत्रणा असली तर ओल्या रस्त्यावर ती बंद करण्याचा विचारही नको. इलेक्ट्रिक गाडीत मोटर पेडलच्या पहिल्या स्पर्शालाच पूर्ण जोर देते. त्यामुळे तिथे या यंत्रणेवर भार जास्त, पण मोटरचा जोर इंजिनपेक्षा कितीतरी चटकन आवरताही येतो.

दिवा काय सांगतो

लुकलुकतोय: चाक घसरलं, यंत्रणा आवरतेय. काही बिघडलेलं नाही. पण त्याचा अर्थ 'सगळं ठीक आहे' असाही नाही. टायरची पकड तुम्ही आत्ता संपवली आहे, एवढाच त्याचा अर्थ, आणि पुढच्या वळणाला वेग कमी हवा.

चित्राखाली 'ऑफ' अक्षरं आणि दिवा स्थिर: बटण दाबलं गेलंय. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की बहुतेक गाड्यांत यंत्रणा आपोआप परत सुरू होते.

'ऑफ' नाही, दिवा मात्र स्थिर: बिघाड. गाडी चालते, ब्रेक लागतात, पण ही मदत मिळणार नाही. सोबत एबीएसचाही दिवा पेटला असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ शकतात, हे लक्षात ठेवून अंतर वाढवा. ब्रेकचा लाल दिवाही पेटला तर मात्र गाडी पुढे नेऊ नका.

आधी हाताला आणि पायाला सवय लावा

घाटात पहिल्यांदा हा दिवा पाहण्यापेक्षा मोकळ्या जागी तो मुद्दाम पेटवून पाहावा असं मला मनापासून वाटतं. सपाट, रिकामं, मुरमाचं मैदान शोधा. आसपास माणसं, मुलं, गुरं नकोत. सीटबेल्ट लावा. स्टिअरिंग सरळ ठेवून पहिल्या गिअरमध्ये निघा आणि नेहमीपेक्षा जोरात रेस द्या. चाक क्षणभर मुरूम उडवेल. लगेच इंजिनचा आवाज दबेल, बॉनेटखालून करकर असा आवाज येईल आणि दिवा लुकलुकेल. तो करकरीचा आवाज हायड्रॉलिक पंपाचा आणि व्हॉल्व्हचा आहे. घाबरू नका, काही तुटलेलं नाही.

आता पेडल तसंच धरून पाहा: गाडी रखडत पण सरळ पुढे जाते. मग पेडल थोडं, अगदी बोटभर, सैल करा. दिवा विझतो आणि गाडी उलट जास्त मोकळेपणाने वेग घेते. ही जाणीव पायात मुरली की निम्मं काम झालं. पावसाळ्याआधी एकदा हे करा, आणि घरातल्या नव्या चालकालाही करायला लावा.

ओल्या चढावर आणि घाटात

त्र्यंबकहून पहिन्याकडे, नांदुरीहून सप्तशृंग गडावर, इगतपुरी-कसाऱ्याच्या पट्ट्यात किंवा सिन्नरच्या मोहदरी घाटात पावसात गाडी चढावर थांबवावी लागतेच. पुढे एसटी अडकलेली असते किंवा कुणीतरी धबधबा पाहायला मध्येच उभं असतं. पुन्हा निघताना यंत्रणा चालू असू द्या. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर ते दोनेक सेकंद गाडी धरून ठेवतं. नसेल तर हँडब्रेकवर निघा. शक्यतो चाकं सरळ करूनच निघा, कारण वळलेल्या चाकाला वळायला आणि ओढायला अशी दोन्हीकडे पकड वाटावी लागते. क्लच हळू सोडा, रेस मोजकी द्या. दिवा लुकलुकला आणि गाडी पुढे सरकतेय, तर पेडल आहे तिथेच धरा. लुकलुकतोय पण गाडी जागेवरच आहे, तर रेस वाढवून काहीही होणार नाही. पाय सैल करा, स्टिअरिंग किंचित इकडेतिकडे करून चाकाला थोडी वेगळी, खडबडीत जागा मिळते का पाहा.

वळणावर दिवा लागला तर पेडल एकदम सोडू नका. सावकाश सैल करा आणि नजर जिकडे जायचंय तिकडे ठेवा. एकदम पाय काढला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि शेपूट सुटण्याची शक्यता वाढते.

उतारावर ट्रॅक्शन कंट्रोलचा जवळजवळ काही उपयोग नाही. तिथे इंजिनचा जोर चाकाला फिरवत नसतो, रोखत असतो. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही तंतोतंत लागू आहे. ओल्या उतारावर एकदम खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला तर इंजिनच्या रोखण्यानेच चाक घसरतं. इलेक्ट्रिक गाडीत रिजनरेशनची, म्हणजे पाय काढल्यावर मोटर गाडीला रोखून बॅटरी भरते त्याची, पातळी निसरड्या उतारावर कमी ठेवावी ती याच कारणासाठी.

समृद्धी महामार्गाचं वेगळं सांगायला हवं. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून नाशिककरांची मुंबईची वाट बदलली आहे. तिथे मोटारींना ताशी १२० किमीची मुभा आहे. पावसात त्या वेगाला टायर आणि काँक्रीट यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो आणि गाडी अक्षरशः पाण्यावर तरंगते. तेव्हा जमिनीशी संबंधच तुटलेला असतो. ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस, ईएसपी यांतलं काहीही अशा वेळी मदतीला येत नाही, कारण त्या सगळ्या यंत्रणा टायरकडे असलेली पकड वाटून देतात, नवी पकड तयार करत नाहीत. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं की ओळखा. पाय हळूच काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक दाबू नका, वेग उतरू द्या. मुसळधार पावसात क्रूझ कंट्रोल वापरूच नका.

घाटाबाहेरही निसरड्या जागा कमी नाहीत. टोमॅटोच्या हंगामात गिरणारे आणि पिंपळगावच्या बाजाराभोवती रस्त्यावर चिरडलेला टोमॅटो असतो, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली काळी माती डांबरावर पसरलेली असते, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांच्या कडेला बारीक खडी सुटी पडलेली असते. दुचाकीवाल्यांना हे नजरेने कळतं. चारचाकीतल्यांनीही तशी नजर ठेवावी.

गाडी चिखलात रुतली तर

बटण दाबायचं ते इथे. पण पहिल्यांदा नाही, आणि सगळ्यात शेवटीही नाही.

दिंडोरी, निफाड भागातली काळी माती भिजली की तिचा चिवट लगदा होतो. तो टायरच्या खाचांमध्ये भरतो आणि चाक दोन फेऱ्यांत गोटा टायरसारखं गुळगुळीत होतं. नक्षी असून नसल्यासारखी. ती माती फेकून द्यायची तर चाकाला थोडं जोरात फिरू द्यावं लागतं. आणि ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं तेच होऊ देत नाही: चाक फिरू लागलं की इंजिन दाबतं. डांबरावर जे वाचवतं, ते चिखलात, वाळूत आड येतं.

तरीही क्रम असा ठेवा. गाडी पुढे जात नाही आणि दिवा लुकलुकतोय, हे लक्षात येताच थांबा. आणखी दहा सेकंद रेस दिलीत तर चाक स्वतःचाच खड्डा खणतं आणि गाडीचं पोट जमिनीला टेकतं. पोट टेकलं की मग कुठलंही बटण उपयोगाचं नाही, ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

खाली उतरून पाहा. कोणतं चाक फिरत होतं, चिखल किती खोल आहे, पुढे कडक जमीन जवळ आहे की मागे? पुष्कळदा आलात त्याच चाकोरीतून मागे जाणं सोपं असतं, कारण ती दाबून घट्ट झालेली असते. चाकं सरळ करा. चाकापुढचा चिखल फावड्याने, नाहीतर हाताने बाजूला करा, म्हणजे चाकाला चढायला लहानसा उतार मिळेल. मग चाकाखाली काहीतरी घाला: गोणपाट, मुरूम, दगडाचे लहान तुकडे, उसाचं पाचट. द्राक्षबागेजवळ असाल तर बांधावर पडलेल्या छाटणीच्या काड्या उत्तम चालतात; फक्त त्यांत बागेच्या तारेचा तुकडा नाही ना, हे पाहून घ्या, टायर जायचा. काहीच नसेल तर गाडीतले फूटमॅट उलटे करून.

आता पहिला प्रयत्न यंत्रणा चालू ठेवूनच. मॅन्युअल गाडी असेल तर दुसरा गिअर टाका, त्यात चाकाला झटका कमी बसतो. मोजकी रेस द्या आणि ती स्थिर ठेवा. एकच चाक चिखलात असेल, तर वर सांगितलेला ब्रेकचा खेळ चालू होतो आणि गाडी बाहेर येऊ शकते. त्यासाठी यंत्रणेला तीन-चार सेकंद द्यावे लागतात. पाय वरखाली करत राहिलात तर तिला संधीच मिळत नाही.

दोन्ही चाकं फसली असतील आणि इंजिन नुसतं दबतंय, तर बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत एकदा दाबल्यावर इंजिन दाबणं थांबतं, आणि काही सेकंद दाबून धरल्यावर ईएसपीही बंद होतं. तुमच्या गाडीत नेमकं काय होतं ते पुस्तकात पाहून ठेवा, चिखलात उभं राहून शोधू नका. काही गाड्यांत चिखल, वाळू, बर्फ असे मोड असतात. ते हेच काम जास्त शहाणपणाने करतात, चाकाला हवं तेवढंच फिरू देतात, म्हणून असल्यास आधी तेच वापरा.

बंद केल्यावर गाडी झुलवा. पहिल्या गिअरमध्ये थोडी पुढे, थांबली की लगेच रिव्हर्समध्ये मागे. दर झोक्याला वाट थोडी लांबते. ऑटोमॅटिक गाडीत प्रत्येक वेळी ब्रेक दाबून, चाक पूर्ण थांबल्यावरच गिअर बदला. स्पीडोमीटरचा काटा ५० च्या पुढे जाऊ देऊ नका. एकच चाक फिरत असताना ते काट्यापेक्षाही जास्त वेगाने फिरत असतं, आणि टायर फुटू शकतो. ढकलणाऱ्यांना चाकाच्या रेषेत उभं राहू देऊ नका. चाकाखालून सुटलेला दगड पायाचं हाड मोडेल इतक्या जोरात येतो.

एवढ्याने नाही झालं, तर ओढणाऱ्या चाकांची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो आणि जमिनीवर त्याचा पंजा मोठा होतो. पण हवा भरायचा पंप गाडीत असेल तरच हे करा, आणि पुन्हा हवा भरेपर्यंत गाडी अगदी हळू चालवा.

जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि ही यंत्रणा नसलेल्या गाडीत हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून निघून पाहा. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, त्यामुळे मोकाट चाकाला विरोध मिळतो आणि दुसऱ्याला बळ. वर सांगितलेलंच गणित, फक्त हाताने केलेलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत याचा उपयोग नाही. नाशिकमध्येच बनणाऱ्या थारच्या काही फोर-बाय-फोर प्रकारांत मागचं डिफरन्शियल यांत्रिकपणे लॉक होतं, तिथे हा प्रश्न मुळातच येत नाही.

ट्रॅक्टर आलाच तर दोर टूलकिटमधल्या टो-हुकलाच लावा, बंपरला किंवा सस्पेन्शनला नाही. दोर आधी सावकाश ताणू द्या, मग ओढा.

बाहेर आलात? डांबर लागण्याआधी बटण पुन्हा दाबून यंत्रणा चालू करा. काही गाड्या ठराविक वेगानंतर ती आपोआप चालू करतात, पण त्यावर विसंबू नका. रिममध्ये आतून साचलेला चिखल काढा, नाहीतर ताशी ६० किमीला स्टिअरिंग थरथरू लागेल आणि तुम्ही अलाइनमेंट करत बसाल.

टायरकडे पाहिल्याशिवाय हे सगळं व्यर्थ आहे

कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल हवी. पावसासाठी ही मर्यादा फार कमी आहे; ३ मिमीवर आली की मी टायर बदलायलाच सांगतो. खाचांच्या तळाशी आडव्या लहान पट्ट्या असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा ठेवा, तीही टायर थंड असताना मोजून. आणि एकाच एक्सलवर एक नवा आणि एक झिजलेला टायर बसवू नका. दोघांचा घेर वेगळा असतो, म्हणून एक सतत थोडा जास्त फिरतो आणि यंत्रणेला तो घसरल्यासारखा वाटू शकतो. लहान आकाराची स्टेपनी लावल्यावर दिवा पेटतो तोही बहुधा यामुळेच.

दिवा विझतच नसेल तर

गाडी बंद करून पुन्हा सुरू करा आणि थोडं अंतर चालवून पाहा. विझला नाही, तर गॅरेजला जाण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतः बघा: चारही टायरचा आकार आणि हवा, ब्रेक ऑइलची पातळी, आणि बॅटरी. कमजोर बॅटरीने सकाळी पहिल्या स्टार्टला हे दिवे लागण्याचा प्रकार हिवाळ्यात बराच दिसतो.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावायला सांगा, आणि कोड काय आला ते विचारून लिहून घ्या. उदाहरणार्थ, सी ००३५ हा पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या सर्किटचा कोड. याचा अर्थ सेन्सरच खराब आहे असा नाही. वायर उंदराने कुरतडलेली असते, चाकाजवळ घासून तुटलेली असते, कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असतं, किंवा सेन्सरच्या तोंडावर चिखल आणि लोखंडाचा कीस बसलेला असतो. आधी चाक वळवून वायर डोळ्यांनी पाहायला सांगा, मग साफसफाई, आणि नवा सेन्सर सगळ्यात शेवटी.

हल्लीच चाकाचं बेअरिंग बदललं असेल आणि त्यानंतर दिवा लागला असेल, तर ते उलटं बसलंय का हे पाहा. चुंबकी पट्टी बेअरिंगच्या एकाच बाजूला असते. उलटं बसवलं तरी गाडी चालते, आवाजही येत नाही, पण सेन्सरला काही दिसतच नाही. नुसत्या डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. चुंबकी पट्टी दाखवणारं साधं कार्ड मिळतं, ते लावून बसवणारा फिटर भेटला तर त्याला सोडू नका. अलाइनमेंट किंवा स्टिअरिंगच्या कामानंतर दिवा लागला, तर स्टिअरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन राहिलंय का विचारा. ते स्कॅनरने होतं.

जुनी गाडी घेताना तर इग्निशन ऑन करून हा दिवा पेटून विझतोय का, हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. पेटून विझत नसेल तर बिघाड आहे हे लगेच समजतं. पण ज्या व्हेरियंटमध्ये यंत्रणा असायला हवी तिथे दिवा मुळीच पेटत नसेल, तर कुणीतरी बिघाड दिसू नये म्हणून तो बंद केलेला असू शकतो. अशा वेळी गाडीचा नोंदणी क्रमांक नाही, चॅसिस नंबर घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्यावरून व्हेरियंट तपासून घ्या, स्कॅन करून घ्या, आणि मगच पैशाचं बोला.